डोंगरउतारावरील वाट



इंग्लंडच्या दक्षिणेस विंचेस्टरपासून कँटरबरीकडे डोंगराच्या उतारावरून एक वाट जाते; तिला यात्रेकरूंची वाट म्हणतात. माथ्यावर वारा झोंबतो, खालीं चिकणमातींत पाय रुततो. म्हणून ती मधूनच, खडूच्या कोरड्या जमिनीवरून जाते. काळें रान टाळून मुरमावरून चालणाऱ्या तुम्हांस हें सांगणें नको.

२९ डिसेंबर ११७० रोजीं कँटरबरीच्या मुख्य मंदिरांत आर्चबिशप थॉमस बेकेट यांचा चार सरदारांनीं वध केला. स्मरणदिन डिसेंबरांतला, म्हणून कित्येक यात्रेकरू ऐन थंडींत चालत. ज्या राजाच्या क्रोधाच्या शब्दांनीं हा वध घडला, तो दुसरा हेन्री ११७४ मध्यें अनवाणी कबरेपाशीं गेला व मठवासीयांच्या हातून त्यानें फटके घेतले. कोणी म्हणतात, तें राजकारण होतें. असेल, अंतःकरण देव पाहतो. पण ज्याचा अपराध केला, तो क्षमा करावयास उरला नव्हता!

१५३८ मध्यें आठव्या हेन्रीनें ती समाधि मोडविली. वाट राहिली.

जत्रा सोडलेला कोणी विचारतो, "आतां आम्हीं चालावें कोठें?" त्याच्या जुन्या पायपिटीस हंसूं नका. मत्तयाचा पांचवा अध्याय, तेविसावें वचन काढा, आणि त्यास विचारा: अबोला धरलेल्या भावाचें घर किती पावलांवर आहे?