आढेवेढे

परभणी जिल्ह्यातल्या आमच्या वालूरच्या बारवेत पायऱ्या सरळ पाण्याकडे जात नाहीत. भिंतीला धरून वेढा घेत घेत खाली उतरतात. ‘आढेवेढे’ या शब्दातला वेढा मला तिथं पहिल्यांदा डोळ्यांनी दिसला. फरक एवढाच, की बारवेच्या वेढ्याच्या शेवटी पाणी असतं.

आढेवेढे घेण्याला इंग्रज झुडपाभोवती काठ्या आपटणं म्हणतात. तो शब्दप्रयोग शिकारीतला. हाकारे झुडपं बडवत फिरतात, जनावराला भिडत मात्र नाहीत. आपल्याकडे आढेवेढे घेण्याला इतका वाईट वास पूर्वी नव्हता. पाहुण्यानं दोनदा ‘नको नको’ म्हणायचं, यजमानानं तिसऱ्यांदा ताट पुढं करायचं, ही रीतच होती. उसने पैसे मागायला आलेला माणूसही आधी पावसापाण्याचं बोलतो. ज्याला मागायचं आहे त्यानं वळसा घेऊन बोलावं, यात त्याची अब्रू राखली जाते. मला त्यात काही गैर वाटत नाही.

प्रश्न येतो तो ज्याला उत्तर द्यायचं आहे त्याच्या आढेवेढ्यांचा. महाभारतानं हे फार पूर्वी ओळखलं होतं. अश्वत्थामा खरंच मेला का, हे द्रोणाचार्यांनी धर्मराजाला विचारलं, कारण तो खोटं बोलणार नाही असा विश्वास होता. मेला होता तो त्याच नावाचा हत्ती. धर्मराजानं नाव मोठ्यानं घेतलं आणि हत्ती हा शब्द ओठांत ठेवला. चार बोटं अधांतरी चालणारा त्याचा रथ जमिनीला टेकला. ‘नरो वा कुंजरो वा’ असं आपण आजही म्हणतो ते या प्रसंगामुळं. मात्र तिथं शिक्षा बोलणाऱ्याच्या पुण्याला झाली. ज्याचं अस्पष्ट उत्तरानं नुकसान झालं, त्याच्या हातात काहीच आलं नाही.

आमच्या मराठवाड्यानं हे नुकसान सोसलं आहे. १५ ऑगस्ट १९४७ ला देश स्वतंत्र झाला, पण परभणी जिल्हा निजामाच्या राज्यातच राहिला. निजामाची शिष्टमंडळं दिल्लीला जात होती, मसुदे बदलत होते, विलीनीकरणाचा शब्द काही मिळत नव्हता. २९ नोव्हेंबरला करार झाला तोही ‘जैसे थे’. निर्णय पुढं ढकलण्याला यापेक्षा नेमकं नाव सापडायचं नाही. वाटाघाटींत वेळ जात होता तेव्हा इकडं गावागावांत लोक रझाकारांच्या भीतीनं रात्री जागून काढत होते. १३ सप्टेंबर १९४८ ला भारताच्या फौजा शिरल्या आणि १७ तारखेला निजाम शरण आला. एका उत्तराला तेरा महिने लागले.

न दिलेल्या उत्तराचा अर्थ लावायची सोय कायद्यानं केली, आणि मला ती या विचारातली सगळ्यात मोठी मजल वाटते. १९०८ ची दिवाणी प्रक्रिया संहिता सांगते, की प्रतिवादीनं आरोप मोघम नाकारून चालणार नाही. अमुक रक्कम घेतली असा आरोप असेल तर ‘तेवढी घेतली नाही’ हे उत्तर पुरत नाही. काहीच घेतलं नाही म्हणा, नाहीतर किती घेतली ते सांगा. स्पष्ट नाकारलं नाही, तर ते कबूल केलं असं कोर्ट धरू शकतं. पुढं २००५ चा माहिती अधिकार कायदा आला. तीस दिवसांत निर्णय दिला नाही, तर तो नकार समजायचा आणि अपिलात जायचं. महाराष्ट्राच्या दप्तर दिरंगाई कायद्यानं तर एका कर्मचाऱ्याकडं फाइल सर्वसाधारणपणे सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त राहू नये असं लिहून ठेवलं. ‘बघू’, ‘विचाराधीन आहे’, ‘साहेब मीटिंगला गेलेत’ या उत्तरांना निदान कागदावर तरी मुदत आली.

घरात मात्र अशी मुदत नाही. आमच्या नात्यातल्या एका मुलीला पाहायला पाहुणे आले होते. पोहे झाले, चहा झाला, उठताना मुलाचे वडील म्हणाले, “कळवतोत की!” तिचे वडील त्या रात्रीपासून मोबाइल उशाशी घेऊन झोपू लागले. दुसरं एक चांगलं स्थळ आलं, त्यांना ‘थोडं थांबा’ म्हणाले. शेवटी तिसऱ्याच माणसाकडून समजलं, की त्या मुलाचा साखरपुडा होऊन पंधरा दिवस झाले. पत्रिका जुळत नाही, एवढं खोटं कारण सांगायचीही तसदी कुणी घेतली नव्हती.

‘मौनं संमतिलक्षणम्’ म्हणत मुलीच्या गप्प बसण्याला आपण पिढ्यान् पिढ्या होकार ठरवलं. मुलाकडच्यांच्या गप्प बसण्याला मात्र काहीच अर्थ दिला नाही. ज्याचा हात वर, त्याच्या मौनाला मुदत नाही. ही रीत आपणच पाडली आहे आणि मोडायचीही आपणच आहे. म्हणून पाहुणे होऊन जाणाऱ्या प्रत्येकाला माझी हात जोडून विनंती आहे. उठताना ‘कळवतोत’ म्हणालात, तर कोणत्या दिवशी ते सांगा. नकार असला तरी त्या दिवशी स्वतः फोन करा.