केळी पोचतात, पदवी अडते

२०२१ च्या जूनमध्ये रावेर तालुक्यातल्या तांदलवाडीहून भौगोलिक मानांकन मिळालेली २२ टन जळगाव केळी दुबईला गेली. अशा मालाची वाट कष्टाची खरी, पण ठरलेली: फण्या धुवायच्या, खोक्यांत भरायच्या, थंड कंटेनर बंदरावर न्यायचा, कीडमुक्तीचा दाखला जोडायचा, जकात भरायची. धुळ्यात शिकलेली परिचारिका जर्मनीला निघते तेव्हा तिच्यावर जकात नसते, तरी तिची वाट कितीतरी लांब. सेवांच्या व्यापारातला खरा अडसर पदवी तपासणाऱ्याच्या टेबलावर असतो, हे धोरण ठरवणाऱ्यांच्या ध्यानात फार उशिरा आले.

१९८६ मध्ये उरुग्वेतल्या पुंता देल एस्ते इथे व्यापार वाटाघाटींची नवी फेरी सुरू झाली, तेव्हा सेवांचा विषय तीत घ्यायलाच भारत आणि ब्राझील यांचा विरोध होता. श्रीमंत देशांच्या बँका आणि विमा कंपन्या येतील, आपल्याकडे पाठवायला आहे काय, ही भीती रास्तच होती. १९९५ मध्ये सेवा व्यापाराचा जागतिक करार लागू झाला आणि माणसाने तात्पुरते परदेशी जाऊन सेवा देणे हाही व्यापार ठरला. मग भारताची भूमिका पालटली. आमच्या माणसांना वाट द्या, ही मागणी आपणच लावून धरली. श्रीमंत देशांनी दार किलकिले केले, तेही मुख्यतः कंपन्यांच्या बदलीवरच्या अधिकाऱ्यांसाठी. काटेकोर पाहिले तर परिचारिकेची कायमची नोकरी त्या करारात बसत नाही, पण पदवीच्या मान्यतेचा प्रश्न तोच आहे. २०२४ मध्ये महाराष्ट्राने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, तरी तो प्रश्न उरतोच. जर्मन भाषेची परीक्षा, नोंदणीचे प्रमाणपत्र, विषयवार तासांचा तक्ता, अधिकृत भाषांतरे, मग काय कमी पडते याचा निर्णय आणि त्यानंतर पुन्हा परीक्षा किंवा पूरक प्रशिक्षण, एवढे सगळे तिच्या फाइलीत लागते.

रुग्णाच्या जिवाशी गाठ आहे, तपासणी हवीच, असे कोणी म्हणेल. हवीच, भाषाही यायलाच हवी. पण धुळे असो वा जळगाव, बी.एस्सी. नर्सिंगचा अभ्यासक्रम नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाचाच असतो. तो एकदा नीट तपासून निकाल सर्वांना लागू का करू नये? प्रत्येक मुलीची फाइल नव्याने उघडून रुग्ण अधिक सुरक्षित होत नाही, फक्त तिचे महिने आणि पैसे जातात. दुसरा आक्षेप अधिक जड आहे: आपल्याच दवाखान्यांत परिचारिका कमी असताना त्या बाहेर का पाठवायच्या? त्यावर मुलींना अडवून ठेवणे हा उपाय नव्हे. नेणाऱ्या देशाने इथल्या प्रशिक्षणाचा भार उचलावा, हे करारातच लिहून घ्यावे. आरोग्य कर्मचाऱ्यांच्या भरतीबाबत जागतिक आरोग्य संघटनेची २०१० ची संहिताही पाठवणाऱ्या देशाच्या गरजेचा विचार करायला सांगते. आणि बाहेर हे मागताना घरचे दारही तपासले पाहिजे. परदेशात वैद्यक शिकून परतलेल्या आपल्याच मुलांना आपण २००२ पासून वेगळ्या चाळणी परीक्षेला बसवतो. ती परीक्षा राहावी, पण कोणता अभ्यासक्रम कुठे कमी पडतो हे विद्यार्थ्याला प्रवेश घेण्याआधी कळले पाहिजे. जर्मनीकडे आपण नेमके हेच मागतो आहोत.