आपलें आणि परकें

तळवली हें गांव ठाणें-बेलापूर रस्त्याच्या कडेस आहे. गांवठाणांतील जुनीं माणसें अद्याप परस्परांस चेहऱ्यावरून ओळखतात. भोंवतालच्या नव्या इमारतींत मात्र राखणदाराच्या वहींत नांव लिहिल्यावांचून पाऊल टाकतां येत नाहीं. आपला कोण व परका कोण हें ठरविण्याच्या ह्या दोन रीति येथें शेजारीं शेजारीं नांदतात. तिसरी रीत यंत्राची. तिच्या न्यायान्यायाविषयीं आज आम्हांस चार शब्द लिहावयाचे आहेत.

संगणकांच्या जाळ्यावर होणारे हल्ले ओळखण्यासाठीं शास्त्रज्ञांनीं सजीव शरीराचा कित्ता गिरविला आहे. रोगजंतूंशीं झुंजणाऱ्या पेशींपैकीं कांहींचें शिक्षण छातींतील थायमस नांवाच्या ग्रंथींत होतें. जी पेशी स्वकीयांवरच उलटते ती बहुधा तेथेंच नष्ट होते. उरलेल्या पहाऱ्यास निघतात. १९९४ सालीं अमेरिकेंतील स्टेफनी फॉरेस्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनीं हीच युक्ति संगणकास लाविली. यदृच्छेनें पुष्कळसे पहारेकरी नमुने निर्माण करावयाचे, नित्याच्या व्यवहाराशीं जे जुळतील ते टाकून द्यावयाचे, आणि उरलेल्यांपैकीं एखादा कशाशीं जुळला कीं तें परकें समजावयाचें. पूर्वीं कधींहि न पाहिलेला शत्रु ह्या रीतीनें सांपडूं शकतो. हातांत चोरांची यादी घेऊन उभ्या राहिलेल्या शिपायास तें साधत नाहीं.

अशा पहाऱ्याची गरज नाहीं असें कोण म्हणेल? २७ जून २०१७ रोजीं 'नॉटपेट्या' नांवाचा उपद्रव जगभर पसरला, तेव्हां येथून फार दूर नसलेल्या न्हावा-शेवा बंदरांतील एका धक्क्याचें काम ठप्प झालें. मौज अशी कीं, युक्रेनमधील हिशेबाच्या एका आज्ञावलीच्या नेहमींच्या सुधारणेंतून तो प्रथम शिरला होता. म्हणजे घरच्याच माणसाच्या हातून! पुढल्या वर्षीं ऑगस्टांत पुण्याच्या कॉसमॉस बँकेचे सुमारें ९४ कोटि रुपये गेले, तेव्हांहि एका बनावट यंत्रणेनें बँकेच्याच आवाजांत रुकार दिला, आणि २८ देशांतील पैसे देणाऱ्या यंत्रांनीं तो खरा मानिला.

तेव्हां परका आपल्याचें सोंग घेतो. उलट, आपलाहि परका दिसतो. समजा, एखाद्या जाळ्यावरून दिवसास एक कोटि संदेश जातात व त्यांत दहाच दुष्ट आहेत. हजार निरपराधांत एकदांच चुकणारें यंत्र तेथें बसविलें, तरी तें दिवसास सुमारें दहा हजार निरपराधांवर बोट ठेवील.

आमच्या शेजारच्या काकूंनीं गेल्या पावसाळ्यांत मध्यरात्रीं एका रुग्णालयास पैसे पाठविले. एरव्हीं त्यांचा व्यवहार भाजीचा नि विजेच्या बिलाचा. यंत्रास हें अपरिचित वाटलें व खातें गोठलें. नवरा खाटेवर, आणि काकू दूरध्वनीवर तोच तो मुद्रित आवाज ऐकत बसलेल्या.

येथें शरीराचा दृष्टान्त आम्हांस अपुरा वाटतो. थायमसमध्यें असंख्य पेशी मरतात, पण पेशीची तक्रार नसते. ती शरीरासाठींच असते. काकू बँकेसाठीं नाहींत. पुष्कळांच्या सुरक्षिततेसाठीं एकाला थोडें थांबविणें आम्ही समजूं शकतों. पण थांबविलेल्यास कारण विचारण्यासाठीं जिवंत माणूस मिळूं नये, हें कोणत्या न्यायांत बसतें? चोर पकडल्याचें श्रेय सर्वांचें, आणि चुकीचा भार मात्र एकट्या काकूंचा!

स्वतः जीवशास्त्रांतहि हा वाद मिटलेला नाहीं. पॉली मॅट्झिंगर ह्या विदुषीनें १९९४ मध्येंच असें मांडलें कीं, शरीर परकेपणास नव्हे, तर इजेस प्रत्युत्तर देतें. नाहींतर आपण खाल्लेलें अन्न व आईच्या पोटांतील मूल हीं शत्रुच ठरलीं असतीं. २००३ मध्यें उवे आयकेलिन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं हा विचार संगणकाच्या पहाऱ्याकडे वळविण्याचें सुचविलें. इजा होईपर्यंत वाट पाहावी तर उशीर होतो, हें खरें. परंतु अनोळखीपणा हाच अपराध मानण्यापेक्षां हा मार्ग आम्हांस अधिक माणुसकीचा वाटतो.

काकूंचें खातें तिसऱ्या दिवशीं मोकळें झालें. संदेश एका ओळीचा होता: संशय दूर झाला आहे. तोंवर पैसे आम्हीं शेजाऱ्यांनीं जमविले होते, आणि त्यांपैकीं दोघांना तर काकू नांवानेंहि ओळखत नव्हत्या.