भाव, भांडे आणि रस

१

रुचीच्या प्रामाण्याविषयीच्या चर्चेत वाइनचा दृष्टांत जुना आहे. डेव्हिड ह्यूमने रुचीच्या प्रमाणावरील आपल्या १७५७ मधील निबंधात सर्व्हांतेसच्या 'डॉन किहोते'तील एक कथा आपल्या पद्धतीने सांगितली आहे. सान्चो पान्झाच्या दोघा नातलगांना एका पिंपातील वाइनविषयी अभिप्राय विचारला जातो. वाइन जुनी आणि चांगल्या हंगामाची म्हणून आधीच वाखाणलेली असते. एकजण ती उत्तम ठरवतो, पण तिला चामड्याची किंचित चव आहे, असे म्हणतो; दुसराही उत्तम ठरवतो, पण त्याला लोखंडाची चव जाणवते. लोक दोघांचीही टर उडवतात. पुढे पिंप रिकामे होते तेव्हा तळाशी चामड्याचा पट्टा बांधलेली एक जुनी किल्ली सापडते.

रुचीची सूक्ष्मता ही केवळ मिरवण्याची गोष्ट नसून तिला वस्तूत आधार असतो, हे ह्यूमला या कथेतून दाखवायचे आहे. परंतु या कथेत एका गोष्टीचा उल्लेखच नाही, आणि ती म्हणजे वाइनची किंमत. चाखणाऱ्यांना ती विकत घ्यायची नव्हती. रुचीविषयीचे बहुतेक तत्त्वज्ञान असे फुकटच्या पेल्यावर उभे आहे. ज्याला ठरावीक रकमेतच वाइन घ्यावयाची आहे, आणि म्हणून जो काचेची बाटली सोडून पुठ्ठ्याच्या खोक्यातील तीन लिटरची पिशवी निवडतो, त्याच्या निर्णयाचे स्वरूप काय, हा प्रश्न या तत्त्वज्ञानाने फारसा विचारलेला नाही.

असा ग्राहक पुष्कळदा म्हणतो, "किमतीच्या मानाने चांगली आहे." मराठीतील 'मानाने' हा शब्द दिसतो त्यापेक्षा अधिक काम करतो. तो प्रशंसा करतो आणि त्याच श्वासात ती मागेही घेतो. वाङ्मयसमीक्षेला हा शब्द अपरिचित नाही. 'पहिल्या पुस्तकाच्या मानाने', 'ग्रामीण लेखकाच्या मानाने', 'मराठीच्या मानाने' चांगली कादंबरी, असे अभिप्राय परीक्षणांतून वारंवार भेटतात. तेव्हा स्वस्त वाइनचा प्रश्न हा क्षुल्लक चैनीचा प्रश्न राहत नाही. सवलतीने दिलेला मूल्यनिर्णय हा मूल्यनिर्णय असतो काय, असा तो प्रश्न आहे.

२

आधी वस्तूचा विचार करणे इष्ट होईल. खोक्यातील पिशवी ही कल्पना मुळात वाइनसाठी जन्मलेली नाही. अमेरिकेत १९५० च्या दशकात विल्यम शोल याने ती बॅटरीतील आम्लाची वाहतूक करण्यासाठी वापरात आणली. वाइनसाठी तिचा उपयोग करण्याचे श्रेय दक्षिण ऑस्ट्रेलियातील टॉमस अँगोव्ह यांना दिले जाते; त्यांच्या कंपनीने १९६५ मध्ये तिचे पेटंट घेतले. आरंभीच्या पिशवीचा कोपरा कापावा लागे व पुन्हा चिमट्याने बंद करावा लागे. नळ बसवलेली पिशवी थोड्याच काळात आली. ऑस्ट्रेलियात या खोक्याला आजही पिंपाचेच नाव आहे: 'कास्क'. ह्यूमच्या कथेतील पिंप लाकडाचे होते, हे पुठ्ठ्याचे आहे. नाव मात्र टिकले.

या भांड्याचे गुण आणि मर्यादा दोन्ही एकाच कारणातून निघतात. वाइनचा मुख्य शत्रू प्राणवायू. बाटली उघडून अर्धी रिकामी केली की उरलेल्या जागेत हवा शिरते आणि दोन-चार दिवसांत चव उतरते. पिशवी मात्र वाइन काढली जाते तसतशी आक्रसत जाते, आत हवा शिरत नाही. त्यामुळे उघडल्यानंतरही वाइन चार ते सहा आठवडे पिण्याजोगी राहते. उलट, न उघडलेल्या पिशवीच्या पातळ पापुद्र्यातून आणि नळातून थोडा थोडा प्राणवायू सतत आत झिरपत असतो. काच तो शिरू देत नाही. म्हणून खोक्यातील वाइन भरल्यापासून साधारण वर्षभराच्या आत संपवावी लागते. वर्षानुवर्षे मुरत ठेवण्याच्या वाइनसाठी हे भांडे निरुपयोगी आहे.

किमतीचे गणितही येथेच उलगडते. तीन लिटर म्हणजे ७५० मिलिलिटरच्या चार बाटल्या. काच, बूच, वेष्टन आणि जड काचेची वाहतूक यांचा खर्च स्वस्त वाइनच्या बाटलीवर जवळजवळ तेवढाच पडतो जेवढा महागड्या बाटलीवर. साहजिकच किंमत जितकी कमी, तितका तिच्यातील भांड्याचा वाटा मोठा आणि वाइनचा वाटा लहान. खोके हे प्रमाण बदलते. म्हणून अल्प रकमेत चांगली वाइन शोधणाऱ्याने खोक्याकडे वळावे, यात तर्क आहे; आणि वळल्यावर त्याने काय पाहावे, हेही त्या तर्कातून निघते. खोके केव्हा भरले ती तारीख पाहावी. द्राक्षाची जात, प्रदेश आणि हंगामाचे वर्ष सांगितले आहे की नुसतेच 'लाल' किंवा 'पांढरी' म्हटले आहे, हे पाहावे. जी वाइन ताजेपणीच प्यावयाची असते ती निवडावी. स्वीडनमध्ये किरकोळ मद्यविक्रीची मक्तेदारी 'सिस्टेमबोलागेट' या सरकारी संस्थेकडे आहे. तेथे विकल्या जाणाऱ्या वाइनचा सुमारे निम्मा भाग अशा खोक्यांतून जातो. तेथे खोके हे दारिद्र्याचे चिन्ह राहिलेले नाही. भांड्याला चिकटलेला कलंक हा भांड्याचा धर्म नव्हे, हे एवढ्यावरून ध्यानात यावे.

३

पण कलंक चिकटलेला असतो आणि तो चवीत उतरतो. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात बोर्दोमधील वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांना गंधहीन रंगाने लाल केलेली पांढरी वाइन दिली गेली. त्यांनी तिचे वर्णन लाल वाइनच्या परिभाषेत केले. २००८ मध्ये कॅलिफोर्नियातील संशोधकांनी एकच वाइन दोन वेगवेगळ्या किमती सांगून चाखायला दिली. जास्त किंमत सांगितली तेव्हा ती अधिक आवडल्याचे सहभागी व्यक्तींनी सांगितलेच, शिवाय सुखानुभवाशी निगडित असलेल्या मेंदूच्या भागातील क्रियाही वाढलेली आढळली.

वाङ्मयाच्या अभ्यासकाला येथे आय. ए. रिचर्ड्सच्या १९२९ मधील 'प्रॅक्टिकल क्रिटिसिझम'ची आठवण होणे अपरिहार्य आहे. केंब्रिजमधील विद्यार्थ्यांना रिचर्ड्सने कवीचे नाव न सांगता कविता दिल्या आणि त्यांचे अभिप्राय लेखी मागवले. नामांकितांच्या कविता तुच्छ ठरल्या, सामान्य कविता गौरवल्या गेल्या. लेबल झाकून वाइन चाखण्याचाच हा वाङ्मयीन प्रकार होय. या प्रयोगावरून 'कवितेत मूल्य असे काही नसतेच' असा निष्कर्ष रिचर्ड्सने काढला नाही, ही गोष्ट महत्त्वाची आहे. वाचन हे शिकावे लागते आणि ते शिकवले गेलेले नाही, असा त्याचा निष्कर्ष होता.

वाइनबाबतही हाच विवेक आवश्यक आहे. २००८ मध्येच सहा हजारांहून अधिक अंध-आस्वादनांचे विश्लेषण प्रसिद्ध झाले. किंमत ठाऊक नसताना सर्वसामान्य लोकांना महाग वाइन अधिक आवडत नाही, उलट किंचित कमीच आवडते, असे त्यात आढळले. हा अर्धा भाग सर्वत्र उद्धृत होतो. प्रशिक्षित चाखणाऱ्यांच्या बाबतीत मात्र असा उलटा संबंध आढळला नाही, हा दुसरा अर्धा भाग सहसा गाळला जातो. म्हणजे किंमत हे मूल्याचे विश्वसनीय चिन्ह नाही, पण ती सर्वस्वी पोकळही नाही.

४

येथे एक गंभीर आक्षेप संभवतो. जास्त किंमत सांगितल्याने सुख खरोखरच वाढत असेल, तर त्या सुखाला खोटे कसे म्हणावे? आणि ते खोटे नसेल, तर काटकसरी माणूस एका खऱ्या सुखाला मुकतो, असेच मानावे लागेल.

या आक्षेपाचे उत्तर कांटने १७९० मध्ये केलेल्या भेदात सापडते. कॅनरी बेटांवरील वाइन 'मला' सुखद वाटते, एवढेच म्हणण्याचा अधिकार माणसाला आहे. सुंदराविषयीचा निर्णय मात्र इतरांच्या संमतीवर हक्क सांगतो. वाइन हे कांटचे केवळ सुखदाचे उदाहरण आहे, आणि या ठिकाणी ह्यूम व कांट यांच्या वाटा वेगळ्या होतात. तथापि भेद मान्य करून उदाहरण नाकारता येते. 'मला आवडली' आणि 'चांगली आहे' ही दोन विधाने वाइनबाबतही एक नव्हेत. किमतीने फुगलेले सुख हे सुख म्हणून खरेच आहे. पण त्याच्या बळावर 'ही वाइन चांगली आहे' असे म्हणणारा माणूस वाइनविषयी बोलत आहे असे समजतो आणि प्रत्यक्षात बिलाविषयी बोलत असतो. सुख खरे असून विधान खोटे असू शकते.

अभिनवगुप्ताने रसप्रतीतीच्या मार्गातील सात विघ्ने सांगितली आहेत. स्वतःच्या सुखदुःखाने व्यापून जाणे हे त्यांपैकी एक. मोठी रक्कम मोजल्याचा अभिमान हे या अर्थी विघ्नच आहे. पण पैसे वाचवल्याचा आनंद हेही तितकेच मोठे विघ्न आहे, हे विसरून चालणार नाही. 'एवढ्या कमी पैशांत' हा हर्ष चवीत मिसळला की स्वस्त वाइनही आपल्या योग्यतेपेक्षा वर चढते. 'भाव' या मराठी शब्दाचे दोन्ही अर्थ येथे एकमेकांत गुंततात: दराचा भाव मनाचा भाव होऊन बसतो.

५

दुसरा आक्षेप समाजशास्त्राचा आहे. प्येर बोर्द्यूने 'ला दिस्टिंक्सिओं' (१९७९) या ग्रंथात, रुची ही सामाजिक स्थान दर्शवणारी आणि टिकवणारी व्यवस्था आहे, असे प्रतिपादन केले. श्रमिकांची रुची गरजेतून घडते आणि जे अटळ आहे तेच आवडते असे ते मानू लागतात. ज्यांच्यापाशी सांस्कृतिक भांडवल आहे पण पैसा बेताचा आहे, अशा अध्यापकवर्गात एक प्रकारचा व्रतस्थ अभिजनवाद आढळतो, असेही तो दाखवतो. या दृष्टीने चोखंदळपणे खोके निवडणारा अभ्यासक हा काही अभिरुचीचा मुक्त साधक नव्हे. धनिकाच्या बाटलीला त्याने दिलेले ते प्रतिष्ठेचेच उत्तर होय. बाटली जशी मिरवता येते तसे खोकेही मिरवता येते.

हा आक्षेप बराचसा खरा आहे. मात्र तो हेतूंविषयी आहे, निर्णयाच्या सत्यतेविषयी नाही. एखाद्याने द्वेषापोटी सांगितले तरी पिंपातली किल्ली पिंपात असतेच. काटकसरी रसिकाची कसोटी त्याच्या हेतूच्या शुद्धतेत न शोधता त्याच्या निर्णयांच्या वर्तनात शोधावी. महागडी बाटली चांगली निघाली तर तो कटुता न ठेवता तसे म्हणतो का, आणि स्वतः निवडलेले खोके वाईट निघाले तर तेही म्हणतो का? दोन्ही म्हणू शकणाऱ्याची रुची बोर्द्यूच्या नकाशावर कोठेही असली तरी ती रुचीच आहे.

खोक्याच्या बाजूने बोलताना त्याचा एक दोषही नोंदवला पाहिजे. ते अपारदर्शक असते. किती उरली हे दिसत नाही, म्हणून किती प्यायली गेली हेही दिसत नाही. ऑस्ट्रेलियाच्या नॉर्दर्न टेरिटरीने १ ऑक्टोबर २०१८ पासून मद्याची किमान किंमत ठरवली, तेव्हा तिचा रोख मुख्यतः अतिस्वस्त 'कास्क' वाइनवर होता. स्वस्ताई रसिकाला जी मोकळीक देते तीच व्यसनाधीनालाही देते. काटकसरीचे गोडवे गाताना ही बाजू झाकली जाऊ नये.

६

मूळ प्रश्न अद्याप शिल्लक आहे. ह्यूम खऱ्या परीक्षकाच्या अंगी सराव, तुलना आणि पूर्वग्रहमुक्तता असावी, असे सांगतो. अभिनवगुप्ताचा सहृदयही काव्याच्या सततच्या परिशीलनाने मनाचा आरसा स्वच्छ झालेला असतो. यांपैकी पूर्वग्रह सोडायला पैसे लागत नाहीत. सराव आणि तुलना यांना मात्र लागतात. ज्याला महिन्याकाठी एकच खोके परवडते त्याला दहा वाइन शेजारी ठेवून चाखता येत नाहीत. ग्रंथालय दूर असलेल्या वाचकाचीही हीच स्थिती असते. रुचीची विषमता ही येथे आहे, आणि ती मनाच्या मोठेपणाने मिटत नाही.

परंतु सरावाचे दुसरेही एक रूप आहे. एकच कृती एकाहून अधिक वेळा, वेगवेगळ्या दृष्टींनी लक्षपूर्वक तपासावी, असे ह्यूमनेच सुचवले आहे. बाटली एका संध्याकाळी संपते आणि तिच्याविषयीचे मत त्या संध्याकाळचे असते. महिनाभर टिकणारे खोके पहिल्या पेल्याचा निर्णय विसाव्या पेल्यावर तपासून पाहू देते. थोडी पुस्तके पुन्हा पुन्हा वाचणाऱ्याची रुची पुष्कळ पुस्तके एकेकदा चाळणाऱ्यापेक्षा अरुंद असेल. ती उथळ असतेच असे नाही.

आता 'मानाने' या शब्दाचा निकाल लावता येईल. 'किमतीच्या मानाने चांगली' हा खरेदीचा सल्ला आहे. सल्ला म्हणून तो उपयुक्त आहे, मूल्यनिर्णय म्हणून तो अपुरा आहे. 'ताजेपणी प्यावयाच्या वाइनच्या मानाने चांगली' हे विधान मात्र वेगळ्या जातीचे आहे. येथील मान बाहेरून आणलेला नाही. वस्तूच्या प्रकारातूनच तो आलेला आहे. दहा वर्षे मुरलेल्या वाइनचे गांभीर्य खोक्यातील वाइनपाशी मागणे म्हणजे भावगीतापाशी महाकाव्याचा विस्तार मागण्यासारखे आहे. आणि ते नाही म्हणून तिला दयेने गुण देणे हा त्याच चुकीचा दुसरा चेहरा आहे. प्रकाराच्या मानाने केलेला निर्णय कठोर असू शकतो, आणि म्हणूनच त्यातील प्रशंसेला अर्थ असतो.

समीक्षेलाही हाच धडा लागू आहे. एखाद्या कादंबरीला 'मराठीच्या मानाने' चांगली म्हणणारा समीक्षक उदार नसतो. तो कादंबरीविषयी बोलायचे टाळत असतो. तिच्या प्रकाराच्या मानाने ती चांगली असेल तर नुसते चांगली म्हणावे. नसेल तर पिंपात किल्ली आहे असे सांगावे, मग लोकांनी टर उडवली तरी हरकत नाही.