जिंकलं कोण, खेळलं कोण?



यंदा थंडीत दोन महिने मुलाकडे अमेरिकेत राहून आले. रविवारी घरात फक्त त्यांचा तो फुटबॉल. नाव फुटबॉल, पण चेंडू हातात! दोन्हीकडे अकरा-अकरा जण, आणि चेंडू कुणाकडे द्यायचा ते बघणारा क्वार्टरबॅक. संघाची हार-जीत त्याच्याच नावावर मांडतात.

मुलगा आणि नातू यावरूनच भांडायचे. नातवाने डॅन मरीनो काढला. १९८४ मध्ये, खेळायला लागून दुसऱ्याच वर्षी, त्याने ५,०८४ यार्डांचे पास दिले, त्यातले ४८ टचडाउनचे. दोन्ही तेव्हाचे विक्रम. पण सुपर बोल ३८-१६ असा हरला, आणि एकूण सतरा वर्षं खेळून पुन्हा तिथे पोहोचला नाही. मुलगा म्हणाला, "मग काय उपयोग?" नातू म्हणाला, "मग ट्रेंट डिल्फर मोठा का?" हा २००१ चा सुपर बोल ३४-७ ने जिंकलेल्या बाल्टिमोरचा क्वार्टरबॅक. त्या मोसमात त्यांच्या बचाव फळीने सोळा सामन्यांत फक्त १६५ गुण दिले होते. आणि गंमत म्हणजे बचाव चालू असताना क्वार्टरबॅक बाकावर बसलेला असतो! जिंकूनही पुढच्या वर्षी संघाने त्याला ठेवलं नाही.

मला वाटलं, आकडेच खरे. तर मुलगा म्हणाला, "आई, मागे पडलेला संघ जास्त पास फेकतो, म्हणून यार्ड वाढतात." म्हणजे तेही पूर्ण त्याचे नाहीत.

कर्म आपलं, फळ आपलं नाही, हे आपण नेहमी ऐकतो. पण ते करणाऱ्यासाठी झालं. बघणाऱ्याने काय बघायचं? आपण तर फळ बघूनच माणसावर शिक्का मारतो.

माझ्या धाकट्या दिरांचं इंदूरला कपड्याचं दुकान होतं. पाच वर्षांत बंद पडलं. "भावजींना धंदा जमला नाही" हे मीच चार ठिकाणी बोलले असेन. हिशेब कधी विचारला नाही.

परत आल्यावर फोन केला. आधी इकडचं-तिकडचं, मग विचारलंच. समजलं की व्यापाऱ्यांची सगळी उधारी त्यांनी तीन वर्षं नोकरी करून फेडली, आणि दुकानातल्या दोन्ही मुलांना दुसरीकडे लावून मगच शटर ओढलं. मी गप्पच झाले. सोसायटीतल्या कुणालाही सांगता आलं असतं ते घरात मला माहीत नव्हतं.

"पण वहिनी," ते म्हणाले, "जागा मीच चुकीची घेतली होती. ते माझ्याच खात्यात लिहा."