बुडालेल्या पैशाचे व्याज

स्वतःच्या चुकीने पैसे बुडाले की माणूस त्यातून शहाणा होतो, असे आपण धरून चालतो. म्हणून त्याला थोडे पोळू द्यावे, असे घरच्यांना वाटते. त्यालाही तेच वाटते. जितका पश्चात्ताप जास्त, तितकी पुन्हा चूक होण्याची भीती कमी, असा हा हिशेब आहे. तो चुकीचा आहे. त्यावर विसंबल्यामुळे कितीतरी घरे पहिल्या तोट्याने नव्हे, तर त्यानंतरच्या वर्षा-दीड वर्षात बसली आहेत.

आधी आकडे पाहू. ‘सेबी’ने सप्टेंबर २०२४ मध्ये फ्युचर्स आणि ऑप्शन्सच्या व्यवहारांवर एक अभ्यास प्रसिद्ध केला. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन आर्थिक वर्षांत या बाजारात उतरलेल्या एक कोटीहून अधिक व्यक्तींपैकी ९३ टक्के लोकांना तोटा झाला. सगळ्यांचा मिळून तोटा १.८ लाख कोटी रुपयांच्या वर गेला. वर्तमानपत्रांनी ९३ टक्क्यांचा मथळा केला, तो योग्यच होता. पण त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट होती. लागोपाठच्या वर्षांत तोटा सोसूनही तोट्यातल्या ७५ टक्क्यांहून अधिक लोकांनी व्यवहार थांबवले नाहीत. या लोकांना अक्कल नव्हती असे म्हणून विषय संपवता येत नाही. १७२० साली साउथ सी कंपनीच्या शेअरमध्ये आयझॅक न्यूटन नफा घेऊन बाहेर पडला होता; मग चढ्या भावाने पुन्हा आत शिरला आणि मोठी रक्कम घालवून बसला. तेव्हा तो इंग्लंडच्या टांकसाळीचा प्रमुख होता. या लोकांना पश्चात्ताप होत नव्हता, असेही म्हणता येणार नाही. एक्स्पायरीच्या दिवशी दुपारी साडेतीननंतर अशा माणसाशेजारी जो बसला असेल, त्याला तो किती कळवळतो हे ठाऊक आहे. माझे म्हणणे असे की या कळवळण्यानेच त्यांना थांबू दिले नाही.

डॅनिएल कानमन आणि एमॉस ट्व्हर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ साली हे मांडून ठेवले आहे. फायद्यात असलेला माणूस हातचे सांभाळतो. तोट्यात असलेला माणूस मात्र ठरलेला लहान तोटा पत्करायला तयार होत नाही. सगळे भरून निघण्याची थोडी जरी आशा दिसली, तरी त्यासाठी तो आणखी मोठ्या तोट्याचा धोका अंगावर घेतो. पुढे १९९० मध्ये रिचर्ड थेलर आणि एरिक जॉन्सन यांनी दाखवले की तोटा झालेल्या माणसाला सगळ्यात जास्त ओढतो तो बरोबरीला आणून सोडणारा डाव. आपल्याकडे पोरे म्हणतात, ‘लॉस रिकव्हर करायचाय.’ हे शब्द कानावर पडले की पोटात गोळा येतो. कारण नफ्यासाठी खेळणारा कधीतरी दमतो, झालेली गोष्ट पुसून टाकण्यासाठी खेळणारा दमत नाही. त्याला तो एक दिवस परत हवा असतो आणि तो कोणत्याच बाजारात मिळत नाही. मग एफडी मोडते, पीएफमधून उचल होते, पर्सनल लोन निघते आणि शेवटी रात्री दोन वाजता लोन ॲपवर आधार कार्डाचा फोटो चढवला जातो.

ओळखीतले एक निवृत्त शिक्षक आहेत. नाव-गाव सांगत नाही. निवृत्तीच्या रकमेतला मोठा हिस्सा त्यांनी कुणाच्या तरी टिपेवर एकाच कंपनीच्या शेअरमध्ये घातला. भाव पडला तसे ते ॲव्हरेज करत गेले. शेवटी त्या शेअरमधले व्यवहारच थांबले. सरांनी हे घरात कुणाला सांगितले नाही. त्यांच्याकडे पतसंस्थेची एक जुनी डायरी होती. तिच्या मागच्या पानांवर त्यांनी दोन रकाने आखले होते. एकात तारीख आणि दुसऱ्यात ‘एफडीत असते तर’. दर तिमाहीला ते त्या बुडालेल्या रकमेवर व्याज काढत, ते मुद्दलात मिळवत आणि नवी बेरीज शाई पेनाने लिहून ठेवत. शिक्षकाचे सुरेख अक्षर, एकही खाडाखोड नाही. पैसे एकदाच गेले होते. डायरीतले नुकसान मात्र दर तीन महिन्यांनी वाढत होते.

त्या डायरीबद्दल मी पुष्कळ विचार केला आहे. तिच्यात एक गृहीत दडलेले होते: मला तेव्हाच कळायला हवे होते. बारूक फिशहॉफ याने १९७५ साली प्रयोगांतून दाखवून दिले की निकाल समजल्यावर माणसाला तो आधीच दिसत होता असे वाटू लागते. खरेदी करताना सरांपुढे दहा शक्यता होत्या. आज डायरी लिहिताना एकच उरली होती, म्हणून ती त्यांना ढळढळीत वाटत होती. दुसरे असे की ते आपल्या घडलेल्या आयुष्याची तुलना एकही चूक न झालेल्या आयुष्याशी करत होते. असे आयुष्य कुणाच्या वाट्याला आलेले मी पाहिलेले नाही. ज्या पगारात त्यांनी घर बांधले, दोन मुलांची शिक्षणे केली, धाकट्या बहिणीच्या लग्नाला हातभार लावला, त्याचा एकही रकाना डायरीत नव्हता.

एका पावसाळ्यात गच्ची गळू लागली. वॉटरप्रूफिंगसाठी एक ठेव मोडू या, असे सरांच्या पत्नी, बाई, म्हणाल्या. तेव्हा सरांना सांगावेच लागले. बाई थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग त्यांनी विचारले, “अहो, कुणाचं देणं तर नाही ना?”

“नाही.”

“मग आता आपल्याकडे आहे किती?”

सरांना उत्तर देता येईना. गेलेल्या पैशाचा हिशेब त्यांना पै-पैशासह तोंडपाठ होता. उरले किती, हे त्यांनी इतक्या दिवसांत एकदाही मोजले नव्हते. त्या संध्याकाळी दोघांनी बसून यादी केली. पेन्शन, पोस्टातले, बाईंच्या नावावरची ठेव, थोडे सोने. गच्चीचे काम दिवाळीनंतर करायचे ठरले. पैशाच्या बाबतीत मी ऐकलेल्या शहाणपणाच्या बोलण्यात बाईंचे हे दोन प्रश्न मी फार वर धरतो. लाजेने मिटलेला माणूस गेलेलेच मोजत राहतो आणि उरलेले मोजायला त्याला सहसा दुसऱ्या कुणाची तरी गरज लागते.

मुंबईने असा मोठा प्रसंग पूर्वी पाहिला आहे. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे इंग्लंडच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला, इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि त्या पैशावर शहरात कंपन्यांचे पेव फुटले. बॅकबे रेक्लमेशनच्या शेअरसाठी लोक दर्शनी किमतीच्या कित्येक पट मोजत होते. एप्रिल १८६५ मध्ये युद्ध संपत आले, कापूस गडगडला आणि १ जुलैच्या सौदेपूर्तीला पेढ्यांमागून पेढ्या बुडाल्या. प्रेमचंद रायचंद यांच्यासारखा सट्ट्याचा राजाही त्यात खाली आला. बदनामी भरपूर झाली, पण कुणाचे किती गेले हे बाजारात सगळ्यांना माहीत होते. आजचा तोटा सहा इंची पडद्यावर, घरात सगळे झोपल्यावर होतो. शेजारच्या उशीवरच्या माणसालाही त्याचा पत्ता नसतो. पश्चात्ताप विषारी होतो तो या गुप्ततेमुळे. चूक लपवायची म्हटली की ती भरून काढणे हा एकच मार्ग उरतो. कबूल केली तर दुसरे पाच मार्ग दिसू लागतात.

नोकरदार मराठी घरांची इथे एक वेगळी अडचण आहे. व्यापाऱ्याच्या वहीत खोट लिहायला जागा असते. बुडीत म्हणून ती नोंदली जाते आणि पाडव्याला नवी वही सुरू होते. पगारावर चालणाऱ्या घरात पैसा फक्त येतो आणि खर्च होतो. तोट्यासाठी पान नसते. त्यात शेअर म्हणजे जुगार हा संस्कार अजून पक्का आहे. त्यामुळे त्यात पैसे गेले की ते नुकसान राहत नाही, चारित्र्यावरचा डाग होतो. डाग कोण दाखवणार?

पश्चात्तापाने शहाणपण येत नाही, याचा मला सगळ्यात बोलका दाखला वाटतो तो मार्क ट्वेनचा. जानेवारी १८९६ मध्ये तो मुंबईत आला, काळ्या घोड्याजवळच्या वॉटसन हॉटेलात उतरला, इथे त्याची व्याख्याने झाली. तेव्हा तो साठीचा होता आणि पुरता कर्जबाजारी होता. जेम्स पेज नावाच्या माणसाच्या खिळेजुळणी यंत्रात त्याने वर्षानुवर्षे पैसे ओतले होते. सुमारे १८,००० सुट्या भागांचे ते यंत्र चालले तर चमत्कार करी, पण ते सारखे बंद पडे. त्यात त्याचे लाखो डॉलर आणि बायकोच्या वारशाचे पैसेही गेले. १८९४ मध्ये त्याच्या प्रकाशनसंस्थेचेही दिवाळे निघाले. कायद्याने तो धनकोंशी तडजोड करून मोकळा होऊ शकला असता. पण पै न् पै फेडायची, असा बायकोचा, ऑलिव्हियाचा, आग्रह होता आणि त्याने ते जाहीरही केले. त्या फेडीसाठी ही जगभरची व्याख्यानयात्रा होती. १८९८ पर्यंत कर्ज फिटले. मात्र यात्रा संपवून तो इंग्लंडात पोहोचला, तेव्हा अमेरिकेत राहिलेली त्याची मुलगी सूझी ऑगस्ट १८९६ मध्ये वारली. आपल्या चुकांमुळे ही वेळ आली, असे तो स्वतःला दोष देत राहिला. याहून मोठी किंमत कोणत्या तोट्याची असणार?

एवढे होऊनही तो बदलला का? नाही. कर्ज फिटते न फिटते तोच व्हिएन्नात एका संशोधकाच्या कापड विणण्याच्या यंत्राने त्याला पुन्हा भुरळ घातली. त्याच सुमारास प्लाझ्मॉन नावाच्या दुधाच्या पावडरीत त्याने पैसे घातले आणि तेही गेले. तरी यावेळी तो रस्त्यावर आला नाही. कारण दिवाळ्यानंतर त्याचे आर्थिक व्यवहार त्याचा मित्र हेन्री रॉजर्स पाहत होता. व्हिएन्नाच्या यंत्रापासूनही रॉजर्सनेच त्याला परतवले. ट्वेनचा स्वभाव कर्जाने बदलला नाही, मुलीच्या मृत्यूनेही नाही. बदलली ती व्यवस्था. त्याच्या पैशावर दुसरा एक हात आला होता आणि तो हात त्याने आपणहून येऊ दिला होता.

लाजेपायी होणारे रोकडे नुकसानही थोडे नाही. ऑनलाइन फसवणुकीत १९३० या क्रमांकावर ताबडतोब फोन केला, तर पैसे पुढच्या खात्यात जाण्याआधी अडवले जाण्याची शक्यता असते. पण फसलेला माणूस पहिले काही तास ‘आपण इतके कसे भोळे’ याच विचारात घालवतो आणि तेवढ्यात रक्कम चार खाती पार करते. शेअरविक्रीतला भांडवली तोटा आणि एफ अँड ओमधला तोटा पुढच्या आठ वर्षांपर्यंत नियमाप्रमाणे नफ्यातून वजा करता येतो, पण त्यासाठी प्राप्तिकराचे विवरणपत्र मुदतीत भरलेले लागते. पुष्कळ जण ते कागद सीएपुढे ठेवतच नाहीत. बघवत नाही म्हणून स्टेटमेंट उघडत नाहीत आणि हक्काची वजावट घालवतात.

एका प्रकारच्या पश्चात्तापाची मात्र समजूत घालू नये, असे माझे मत आहे. आईच्या ठेवीचे, भावाने घरासाठी दिलेले, मित्राने विश्वासाने हाती ठेवलेले पैसे गेले असतील, तर ‘झाले गेले विसरून जा’ हा सल्ला अन्यायाचा आहे. तिथे माफी मागावी लागते, आकडा सांगावा लागतो आणि परत करायला सुरुवात करावी लागते. महिन्याला हजार रुपये का होईनात. ट्वेनकडे निदान व्याख्याने होती. ज्याच्याकडे फक्त पगार आहे, त्याची फेड दहा वर्षे चालेल. चालू दे. ज्याचे पैसे गेले आहेत, त्याला पहिल्या हप्त्यापासूनच कळते की हा माणूस पळालेला नाही.

ऐकणाऱ्यांविषयीही लिहायला हवे, कारण सांगणाऱ्याचे पुढे काय होते ते बऱ्याचदा त्यांच्या पहिल्या वाक्यावर ठरते. मुलगा रात्री येऊन ‘बाबा, थोडा प्रॉब्लेम झालाय’ म्हणाला, तर त्याने सांगितलेला आकडा बहुधा खरा नसतो. खरा त्याच्यापेक्षा मोठा असतो आणि आपला चेहरा कसा होतो ते पाहून तो उरलेला सांगायचा की नाही हे ठरवतो. त्याला जेवायला बसवावे. कुणाकुणाचे देणे आहे, त्यात लोन ॲपवाले किती, धमक्यांचे फोन येतात का, हे विचारावे. त्याला झोप लागत नसेल, जगण्यात अर्थ नाही असे तो बोलू लागला असेल, तर त्याला एकटे सोडू नये आणि टेलिमानसच्या १४४१६ या क्रमांकावर त्याच्याबरोबर बसून फोन लावावा. ‘आम्ही आधीच सांगत होतो’ हे वाक्य त्या रात्री तोंडातून काढू नये, ते शंभर टक्के खरे असले तरी. वर्षभराने बोलता येईल. तोवर तो ऐकायला घरात असायला हवा.