अभिरुचीची वाट

वयाबरोबर मनुष्याची गाण्याची आवड पालटते, हें सर्वांच्या अनुभवाचें आहे. प्रश्न एवढाच कीं, या पालटास उन्नति म्हणावयाचें कीं केवळ स्थित्यंतर? अंगाईपासून भजनाकडे, भजनाकडून नाट्यपदाकडे आणि तेथून ख्यालाकडे आलेला रसिक आपण एकेक पायरी चढत आलों असें समजतो, आणि मागें राहिलेल्या घरच्याच माणसांची त्याला किंचित् कींव येते. ही कींव न्याय्य आहे काय?

ह्यूमनें आपल्या १७५७ सालच्या अभिरुचीवरील निबंधांत म्हटलें आहे कीं, विशींत ओव्हिड, चाळिशींत होरेस आणि पन्नाशींत टॅसिटस हा आवडता ग्रंथकार होतो. हे भेद वयाचे व स्वभावाचे. त्यांचा निवाडा करण्यास साधन नाहीं, असें त्याचें मत. उलट मिल्ल सांगतो कीं, दोन सुखें ज्यांनीं अनुभविलीं त्यांचा कौल जिकडे, तें सुख श्रेष्ठ. आमचा रसिक मिल्लचा आधार घेतो. पण दोन्ही सुखें केव्हां तरी अनुभविलेलीं असणें निराळें आणि निवाड्याच्या वेळीं दोन्ही जिवंत असणें निराळें. ख्यालाला सरावलेल्या कानानेंच तो बालपणचें भजन पुन्हा ऐकतो. तेव्हांचा कान त्याच्यापाशीं उरलेला नसतो. साक्षीदार एकच, आणि तोहि एका पक्षाला मिळालेला!

हें मी गगनबावड्यास बसून लिहीत आहें. येथला पावसाळा असा, कीं कौलांवरील धारेच्या आवाजांत बारीक स्वर बुडून जावा. धनगरी ओवीला ढोल आणि भजनाला टाळ-पखवाज कां लागतात, हें येथें निराळें सांगावें लागत नाहीं. शिवाय भजन हें नुसतें ऐकावयाचें गाणें नव्हे. पालुपद उचलणारा प्रत्येक जण त्याचा गायक असतो. येथून सुमारें पंचावन्न किलोमीटरांवर कोल्हापूर. तेथें शाहू छत्रपतींच्या आश्रयानें अल्लादियाखांसाहेब राहिले. त्यांची वक्र, गुंफलेली स्वररचना शांत दिवाणखाना आणि जाणता श्रोता मागते. यांतील एक गाणें दुसऱ्याची खालची पायरी नव्हे. दोहोंचीं कार्येंच भिन्न आहेत.

थोर कलावंतांनीं हें ओळखलें होतें. भास्करबुवा बखले अनेक घराण्यांची तालीम घेऊन शेवटीं खांसाहेबांकडे शिकले. तरीहि १९१६ सालच्या ‘स्वयंवर’ नाटकाच्या पदांना चाली देण्यांत त्यांना कमीपणा वाटला नाहीं. मल्लिकार्जुन मन्सूर मिरजेस ग्वाल्हेरची गायकी शिकले, पुढें मंजीखां व भुर्जीखां या खांसाहेबांच्या पुत्रांपाशीं त्यांनीं जयपूर घराण्याची विद्या मिळविली; पण कन्नड वचनांचें गायन त्यांनीं सोडलें नाहीं. त्यांची अभिरुचि पुढें गेली, ती मागचें टाकून नव्हे.

मग सर्वच गाणें सारखें काय? तसें नाहीं. प्रत्येक प्रकारांत बरें-वाईट असतेंच. बेसूर बुवा भजनी मंडळींच्याहि ध्यानांत येतो, आणि नुसत्या तानांची कसरत करणारा गवई मैफलींतहि कंटाळवाणाच ठरतो. अभिरुचि वाढली याची खूण, मनुष्य किती प्रकारांना नाकें मुरडतो ही नव्हे. किती प्रकारांतलें खरें-खोटें तो पारखूं शकतो, ही होय.

या विचाराचें खरें कारण घरांतच आहे. १९५५-५६ साली पुणें आकाशवाणीवरून ‘गीतरामायण’ होई, तेव्हां आजी व नातू एकाच यंत्रासमोर बसत. घरांत रेडिओ एक, म्हणून दुसऱ्याची आवड निमूटपणें ऐकावी लागे, आणि ऐकतां ऐकतां तिच्यांत आपलाहि वांटा होई. आतां प्रत्येकाच्या कानांत स्वतंत्र यंत्र आहे. कोणाला कोणाचें गाणें सोसावें लागत नाहीं, म्हणून कोणाला तें कळतहि नाहीं. मुलाचें गाणें बापाला गोंगाट, बापाचें मुलाला रडगाणें. आणि आजीची ओवी तर कोणाच्याच कानीं पडत नाहीं.

वडील मंडळींनीं आपल्या आवडीचा उपदेश मुलांना करण्यापूर्वीं मुलांचें एक गाणें शेवटपर्यंत ऐकावें. आवडलें नाहीं तर तसें सांगण्याचा अधिकार त्यांना आहेच. पण तो अधिकार ऐकल्यानें येतो, केवळ वयानें येत नाहीं. आणि आजी आहे तोंवर तिची ओवीहि ऐकून घ्यावी.